खेजडी, बुई आणि होळीचा चंद्र

थरच्या वाळवंटात झाडांचे फोटो काढायला २०२५ साली होळीची पौर्णिमा निवडली, त्याचं कारण चंद्रापेक्षा रोहिड्याचं झाड होतं. रोहिड्याला पान थोडं आणि फूल भरपूर, असा काळ साधारण फेब्रुवारी-मार्चचा. फोगाची झुडपंही ह्याच सुमारास फुलतात. खेजडी, म्हणजे आपली शमी, हिवाळ्यात गुरांच्या चाऱ्यासाठी छाटलेली असते. मार्चमध्ये तिच्या ठोकळ्यासारख्या फांद्या उघड्याच असतात आणि छायाकृतीसाठी (उजळ आकाशापुढे झाडाचा नुसता काळा आकार) त्या पानांनी भरलेल्या झाडापेक्षा किती तरी बऱ्या. एप्रिल उजाडला की ऊन आणि धुळीच्या वावटळी दोन्ही वाढतात. तेव्हा खुरी (जैसलमेरच्या नैऋत्येला, पन्नासेक किलोमीटर) आणि १२ ते १५ मार्च २०२५ असं ठरलं.

तारीख ठरवताना बहुतेकांचा घोळ होतो तो इथे. आपल्या घरच्या दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या वेळा असतात त्या संकष्टीच्या, आणि पौर्णिमेला नुसता गोल असतो. ह्या कामाला त्या गोलाचा उपयोग नाही. पौर्णिमेचा नेमका क्षण हवा, आणि त्या गावाच्या सूर्यास्त-चंद्रोदयाच्या वेळा हव्यात. त्या वेळी पौर्णिमेचा क्षण होता १४ मार्चला दुपारी १२ वाजून २५ मिनिटांनी. (त्याच सुमारास खग्रास चंद्रग्रहणही होतं, पण भारतात भर दुपार असल्यामुळे त्याचा संबंध नव्हता.) खुरीला सूर्यास्त ६:५३ च्या आसपास. १३ तारखेला चंद्र सूर्यास्ताच्या अर्ध्या तासाहून थोडा आधी उगवणार, १४ ला सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, १५ ला आठच्या सुमारास. जैसलमेर मुंबईच्या किंचित पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य तिथे थोडा उशिराच मावळतो. मुंबईच्या वेळा तशाच उचलू नयेत.

ह्या तीन संध्याकाळी म्हणजे तीन वेगळी कामं आहेत. फोटोत जमिनीवरचं झाडही दिसावं आणि चंद्रावरचे डागही दिसावेत असं वाटत असेल, तर पौर्णिमेच्या आदली संध्याकाळ सगळ्यांत उपयोगाची. तेव्हा चंद्र वर आलेला असतो आणि जमिनीवर अजून उजेड असतो. प्रत्यक्ष पौर्णिमेला चंद्र दिसू लागतो तेव्हा जमीन काळी पडलेली असते. लोक मात्र नेमके त्याच दिवशी जातात आणि पांढरा ठिपका आणि काळं पान घेऊन परततात.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे १० मार्चच्या गाडीसाठी ९ जानेवारीला सकाळी आठ वाजता बसावं लागलं. होळीला मुंबई-पुण्यातली मारवाडी कुटुंबं गावी जातात. त्या आठवड्यातल्या जोधपूरच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच प्रतीक्षायादीवर जातात. वांद्र्याहून जोधपूरपर्यंत थर्ड एसीचं तिकीट दीड हजाराच्या आत बसलं. जोधपूर ते जैसलमेर वेगळी गाडी, पाच-सहा तास. परतीचं आरक्षण होळीनंतरचं असल्याने ते जास्त अवघड, आणि ते तत्काळमध्येच मिळालं. खुरीतल्या झोपडीवजा खोलीचा दर एरवी जेवणासह दीड हजार असतो, होळीच्या आठवड्यात २,२०० सांगितला. घासाघीस करून उपयोग झाला नाही.

११ मार्चचा दिवस जोधपूरला मुद्दाम ठेवला होता, राव जोधा डेझर्ट रॉक पार्कसाठी. मेहरानगडाच्या पायथ्याशी ज्वालामुखीच्या खडकावर २००६ पासून हे काम सुरू झालं आणि २०११ मध्ये उद्यान खुलं झालं. खडकात घुसलेली विलायती बाभूळ उपटून तिथे मूळची वाळवंटी झाडं लावली आहेत. ते संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे चंद्रोदयाच्या कामाचं नाही. पण झाडं ओळखायला ह्यासारखी शाळा नाही. तिकीट शंभरेक रुपये. खींप, फोग, केर, थोर, बुई ही नावं पाट्यांवर आणि झाडावर एकदम दिसतात. पुढे जीपवाल्याला "भाईसा, बुई कठे है?" असं विचारता येतं, आणि तो नेमक्या जागी नेतो. "काहीतरी सुंदर झाड दाखवा" म्हटलं तर तो थेट उंटांच्या रांगेपाशी नेऊन उभा करतो.

कोणत्या उजेडाला कोणतं झाड हे इथेच वहीत लिहून ठेवलं. बुईच्या कणसांवर पांढरी लोकर असते, म्हणून ती मागून येणाऱ्या उन्हासाठी. रुईचं पान जाड, पण कोवळं असताना त्यातून उजेड आरपार येतो आणि शिरा दिसतात. रोहिड्याला समोरून तिरकं ऊन लागतं. खेजडी आणि थोर छायाकृतीसाठी. खींपाचा झाडू वाऱ्यात सतत हलतो, म्हणून लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवून काढायच्या फोटोत, त्याचं नाव काढायचं नाही.

१२ ला जैसलमेर. इथे कागदपत्रांचं थोडं काम असतं. डेझर्ट नॅशनल पार्क १९८० मध्ये जाहीर झालं, क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं, आणि आत बरीच गावं आहेत. सुदासरीच्या कुंपणातल्या भागात, म्हणजे माळढोकांच्या, जायचं तर शहरातल्या वनखात्याच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते. ती दिवसाची असते, त्यामुळे चंद्रोदयासाठी तो भाग सोडूनच द्यावा. सीमेकडच्या काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीतल्या गावांत बाहेरच्या माणसाला वेगळी परवानगी लागते. गावाचं नाव सांगून आधी चौकशी करावी, कारण नकाशावर जवळ दिसणारी सगळी गावं खुली नसतात. खुरीत भारतीय पर्यटकाला अडचण नाही. पण रात्री वाळूत ट्रायपॉड लावून बसलेल्या माणसाला गस्तवाले विचारणारच. आधार कार्ड आणि मुक्कामाच्या ठिकाणची पावती खिशात असली की दोन मिनिटांत सुटका होते. ड्रोन घरीच ठेवावा. आंतरराष्ट्रीय सीमेपासून २५ किलोमीटरच्या आत तर तो बंदच आहे, आणि जैसलमेरला हवाई दलाचा तळही आहे. लष्करी वाहनं, मनोरे, तळ ह्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, झाड कितीही चांगलं असलं तरी.

शेतातलं झाड असेल तर शेतकऱ्याला विचारायचं. ओरणात, म्हणजे त्यांच्या देवराईत, फांदी मोडणं सोडाच, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. चौकटीत आलेली वाळकी काटकी बाजूला करायचीही सवय सोडावी लागते. १७३० मध्ये खेजडली गावात झाडं वाचवताना बिष्णोई समाजाची ३६३ माणसं मेली, आणि ही गोष्ट इथे पुस्तकातली नाही. खेजडीला हात लावणाऱ्याकडे लोक कसं बघतात ते एकदा पाहिलं की पुरतं.

त्याच, म्हणजे १२ च्या, संध्याकाळी खुरीला जागा पाहून घेतली. चंद्र साडेपाचच्या सुमारासच उगवला होता आणि सूर्यास्ताला तो बराच वर, क्षितिजापासून सतराएक अंशांवर होता. फोटोला नाही, पण सरावाला उत्तम. मार्चच्या मध्यात सूर्य जवळजवळ सरळ पश्चिमेला मावळतो आणि पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ सरळ पूर्वेला उगवतो, किंचित उत्तरेकडे. म्हणून उत्तर-दक्षिण पसरलेली टेकडी शोधायची. तिच्यावर उभं राहून एका बाजूला मावळतीची झाडं, आणि वळलं की दुसऱ्या बाजूला चंद्राची. सामान उचलून पळावं लागत नाही. सम ह्या जैसलमेरजवळच्या गर्दीच्या ठिकाणी टेकड्यांवर जीपच्या चाकांचे पट्टे आणि माणसंच माणसं असतात. खुरीला ती कमी.

जागा पाहताना आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, पवनचक्क्या. जैसलमेरभोवती त्या शेकड्यांनी आहेत, आणि अंधार पडला की त्यांच्यावरचे लाल दिवे लुकलुकतात. पंधरा सेकंदांच्या फोटोत क्षितिजावर लाल ठिपक्यांची माळ येते. दिवसा त्या धुळीत दिसत नाहीत, म्हणून आदल्या रात्री अंधारात एकदा पूर्वेकडे पाहून घ्यावं. दुसरं म्हणजे विजेच्या तारा. उघड्या डोळ्यांना न दिसलेली तार लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये बरोबर चंद्राच्या मधून जाते.

आता अंतराचा हिशोब, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. चंद्राची रुंदी आकाशात अर्धा अंश. सेन्सरवर त्याची प्रतिमा लेन्सच्या फोकल लांबीच्या (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) एकशेदहाव्या भागाएवढी येते. ४०० मिलिमीटरला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, आणि ३५ मिलिमीटरला जेमतेम ०.३. म्हणून रुंद लेन्सने काढलेला चंद्र कायम टिकलीएवढा निघतो. झाड आणि चंद्र सारख्या उंचीचे दिसायला हवेत, तर झाडाच्या उंचीच्या ११० पट लांब उभं राहायचं. पाच मीटरचा रोहिडा असेल तर ५५० मीटर.

पण हे गणित चंद्र क्षितिजालगत असेल तेव्हाचं. १३ तारखेला सूर्यास्ताला चंद्र सात-आठ अंश वर असणार होता. त्या वेळी ५५० मीटरवरून झाड तळाशी आणि चंद्र आकाशात एकटा, मधे नुसती पोकळी. आठ अंशांवरचा चंद्र पाच मीटरच्या झाडाच्या शेंड्याशी आणायचा, तर झाडापासून ३५ मीटरच दूर राहावं लागतं, आणि लेन्स १०० मिलिमीटरच्या आसपास, कॅमेरा उभा. चंद्र लहान येतो, एक मिलिमीटरहून कमी, पण डाग दिसतात आणि झाड अख्खं येतं. १०० मिलिमीटर, एफ ११ ला (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान) फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तीस मीटरपासून अनंतापर्यंत दोन्ही टोकं धारदार मिळतात, त्यामुळे झाडावर फोकस केला तरी चंद्र सुटत नाही. मीटरभर उंचीच्या बुईसाठी हेच अंतर सात मीटर होतं, तेही पोटावर झोपून.

ही सगळी अंतरं उपग्रह नकाशावर मोजून, जागेवर जाऊन, उभं राहायच्या ठिकाणी दगड ठेवून आलो. वाळूत खूण राहत नाही, दगड राहतो.

१३ मार्च, होळी. साडेचारला जागेवर पोहोचलो. जीप चार ते रात्री दहा थांबवून ठेवायचे २,८०० रुपये. वारा दुपारी जोरात असतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास बहुतेक वेळा उतरतो. तो उतरेपर्यंत कॅमेरा पिशवीतच. लेन्स बदलायची ती जीपमध्ये काचा वर करून, उघड्यावर नाही. ट्रायपॉडचे पाय उघडताना सगळ्यांत खालचा भाग आधी लांब करायचा, म्हणजे जोड वाळूच्या वर राहतो. नाहीतर वाळू पेचात जाते आणि पुढे आयुष्यभर करकरते. पायांखाली बरण्यांची रुंद प्लास्टिकची झाकणं ठेवली की ट्रायपॉड रुतत नाही. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पिशवी लोंबकळत ठेवू नये, वाऱ्यात ती झोके घेते आणि कॅमेरा हलवते. कापडी पिशवीत वाळू भरून ती जमिनीला टेकेल इतकी दोरी सोडावी.

सूर्य दहा अंशांच्या खाली आला, म्हणजे सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी, बुई सुरू केली. तंत्र सोपं आहे, जागा निवडणं अवघड. कणसांमागे सूर्य हवा, पण सूर्याखालची पार्श्वभूमी काळोखी हवी. टेकडीची सावलीतली बाजू मागे आली की लोकरीची कड पेटते, उजळ आकाश मागे असेल तर तेच झुडूप मळकट दिसतं. कॅमेरा जमिनीपासून वीतभर. सूर्य खोडाआड लपवायचा आणि तो सरकेल तसं आपणही बोट-बोट सरकायचं. लेन्सचा हूड लावायचा, पुढचा साधा काचेचा फिल्टर काढून ठेवायचा, नाहीतर चौकटीत हिरवे ठिपके उमटतात. १०० मिलिमीटर, एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास, आणि कॅमेऱ्यातला प्रकाशमापक सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड. वारा पूर्ण पडला नसेल तर शटर आणखी वेगवान.

नंतर रोहिडा. फुलं पिवळी, केशरी, लाल अशी तिन्ही मिळतात. केशरी झाड निवडलं तर मावळतीच्या उन्हात लाल रंग सगळ्यांत आधी फाटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो. पडद्यावर फोटो बरा दिसतो, साधा हिस्टोग्रामही (उजेडाचा आलेख) बरा दिसतो, आणि घरी येऊन पाहावं तर पाकळ्यांमध्ये घडीच राहिलेली नसते. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून लाल उजव्या भिंतीला टेकत नाही एवढं बघायचं. साधारण दोन-तृतीयांश स्टॉप कमी पुरतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोवर ठेवू नये, तो नेमका तो केशरीपणा धुऊन काढतो. दिवसाच्या उन्हाची सेटिंग, ५,२०० केल्विन, शेवटपर्यंत तीच. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये.

सूर्य पाठीशी घेऊन काम करताना आपली सावली विसरू नये. सूर्य पाच अंशांवर असताना माणसाची सावली एकोणीस-वीस मीटर पडते, दोन अंशांवर पन्नासच्या घरात जाते. रोहिड्यापासून ३५ मीटरवर उभं राहिलं तर शेवटच्या दहा मिनिटांत आपलं डोकं बरोबर त्याच्या बुंध्याशी. म्हणून दगडाची खूण ठेवताना आपल्या मागे पश्चिमेला दुसरं झुडूप किंवा उंचवटा येईल असं पाहिलं होतं, त्याच्या सावलीत आपली बुडते.

चंद्राची पंचांगातली वेळ उलटून गेली तरी पूर्वेला काही नव्हतं. पहिल्यांदा येणाऱ्याचा इथे धीर सुटतो. मार्चमध्ये क्षितिजावर धूळ असते, आणि चंद्र दोन-तीन अंश वर आल्याशिवाय दिसतच नाही. त्या उंचीला यायला त्याला दहा ते तेरा मिनिटं लागतात. शिवाय अजून उजेड असतो, त्यामुळे तो आधी फिकट गुलाबी डागासारखा दिसतो आणि डोळा जागेवर नसेल तर सुटतो. त्या दिवशी तो दिसला तेव्हा सूर्य अजून वर होता, आणि पहिला काही वेळ तो नुसता बघण्यातच गेला.

कामाची वेळ सूर्यास्ताआधीच्या पाच मिनिटांपासून नंतरच्या बारा-पंधरा मिनिटांपर्यंत. तेवढीच. सूर्य गेला की पूर्वेला क्षितिजालगत निळसर राखाडी पट्टा चढायला लागतो. ती पृथ्वीचीच सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा, आणि चंद्र त्या गुलाबीत किंवा जरा वर. सूर्यास्ताच्या क्षणी एफ ११, आयएसओ २००, १/६० च्या आसपास झाड आणि चंद्र दोन्ही पकडता आले. दहा मिनिटांनी आयएसओ ४०० आणि १/३०. त्यानंतर दर दोन-तीन मिनिटांनी जमीन स्टॉपभर काळी होत जाते आणि चंद्र उलट उजळत जातो. पंधरा मिनिटांनंतर दोघांचं जमत नाही. एक्स्पोजर चंद्राकडे पाहून ठरवायचं, झाडाकडे पाहून नाही. सावलीतून तपशील नंतर काढता येतो, जळून पांढऱ्या झालेल्या चंद्रातून काही निघत नाही.

चौकट बांधताना चंद्र सरळ वर जात नाही हे धरून चालावं. जैसलमेरच्या अक्षांशावर तो एक अंश वर चढताना अर्धा अंश उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकतो. झाडाच्या डाव्या बाजूला थोडी जागा ठेवून सुरुवात केली की तो आपोआप फांद्यांत येतो.

१४ ला धुळवड. सकाळी कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. गुलालाची भुकटी वाळूपेक्षा बारीक असते, लेन्सच्या झूम कड्यात गेली की निघत नाही. दुपारनंतर निघालो तेव्हा जीपवाला गुलाबी, आसनं गुलाबी. आसनावर स्वतःची जुनी चादर टाकून पिशवी ठेवली.

ही संध्याकाळ मोठ्या चंद्राची. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी उगवलेला चंद्र धुळीतून दिसेपर्यंत आकाश चंद्राहून पाच-सहा स्टॉप काळं झालेलं असतं. म्हणजे झाडाची छायाकृती काळ्यावर काळी, दिसणारच नाही. झाडाचा जेवढा भाग चंद्राच्या तबकडीच्या आत येतो तेवढाच दिसतो. म्हणून झाड पूर्ण तबकडीत बसलं पाहिजे, म्हणून ते ११० पटीचं अंतर. आणि चंद्र दोन अंशांवर दिसू लागतो, तेव्हा झाडही आपल्या नजरेच्या दोन अंश वर हवं. ५५० मीटरवर दोन अंश म्हणजे एकोणीस मीटरचा चढ. सपाट वाळवंटात हे होत नाही, खडकाळ उंचवट्यावरची एकटी खेजडी शोधावी लागते आणि आपण पश्चिमेला खाली उभं राहायचं. हात लांब करून धरलेला अंगठा साधारण दोन अंशांचा असतो, जागा शोधताना एवढं माप पुरतं.

४०० मिलिमीटर, एफ ११. फोकस झाडावर, तोही उजेड असताना करून मॅन्युअलवर टाकायचा आणि कड्याला चिकटपट्टी लावायची. ह्या लेन्सला एफ ११ वर ४८५ मीटरच्या पलीकडे फोकस ठेवला की झाड आणि चंद्र दोन्ही धारदार राहतात, ५५० चं अंतर इथेही कामी येतं. आयएसओ ८००, १/१०० पासून सुरुवात. चंद्र जसा धुळीतून वर येईल तसं शटर वेगवान करत जायचं. १/८ पेक्षा हळू शटरला चंद्राची कड ओढली जाते.

चंद्र स्वतःच्या व्यासाएवढा दोन मिनिटांत सरकतो. झाड तबकडीत असतं तो काळही तेवढाच. शिवाय तो उजवीकडे जातो, म्हणून आपण दर मिनिटाला मीटरभर डावीकडे, उत्तरेला सरकत राहायचं. पाच मीटर चुकलं तर चंद्र अख्खा झाडाबाहेर. त्यामुळे ट्रायपॉडची वाट आधीच चालून ठेवायची, वाटेतली बोरीची काटेरी झुडपं आणि बिळं पाहून ठेवायची. त्या दोन मिनिटांत छातीत धडधडतं, हे खरं. फोटो बरेच निघाले, त्यातले सात-आठ ठेवण्यासारखे.

१५ ला चंद्र आठच्या सुमारास आला आणि दहापर्यंत पंचवीसेक अंश वर चढला. आता चंद्र चौकटीत नको, त्याचा उजेड हवा. बाजूने पडणाऱ्या चांदण्यात वाळूच्या लाटा, थोराचे खांब, छाटलेली खेजडी हे सगळं उठून दिसतं. २४ मिलिमीटर, एफ ४, आयएसओ ८००, दहा ते पंधरा सेकंद. वारा असेल तर आयएसओ ३२०० आणि तीन-चार सेकंद, फोटोतले दाणे (नॉइज) परवडतात पण पुसट झालेल्या फांद्या परवडत नाहीत. थोर आणि खेजडीचं खोड हलत नाही, त्यांच्यावरच भर दिला. फोकससाठी झाडाच्या बुंध्याशी छोटी विजेरी ठेवायची, तिच्यावर फोकस करायचा, मॅन्युअलवर टाकायचं, विजेरी उचलायची. झाडावर विजेरीचा झोत मारून फोटो काढायची पद्धत आहे, मला ती चांदण्यात खोटी वाटते. शिवाय ह्या उजेडाला पांढरा झोत एकदा डोळ्यांत गेला की पुढची वीस मिनिटं काही दिसत नाही. कपाळावर लाल दिवा बांधलेला बरा.

रात्री चालताना दिवा मात्र पायांवरच हवा. आपल्या कोकणातलं फुरसं इथेही आहे आणि मार्चच्या उबदार रात्री ते बाहेर असतं. पोटावर झोपायच्या आधी जागा काठीने चाचपावी, घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत. रुईची फांदी चुकूनही मोडू नये, तिचा चीक डोळ्यात गेला तर थेट दवाखाना गाठावा लागतो, आणि तो पन्नास किलोमीटरवर. भुरट गवताचे काटेरी गोळे लोकरी मोज्यांना हजारांनी चिकटतात, गुळगुळीत कापडाची पँट आणि बुटांवरून गुंडाळलेली पट्टी हवी.

रोजचा शेवटचा तास साफसफाईचा. आधी हवेचा फुगा, मग ब्रश, कापड सगळ्यांत शेवटी. वाळू असताना कापड फिरवलं की काचेवर ओरखडे. ट्रायपॉडचे पाय सुटे करून ओल्या फडक्याने पुसायचे आणि वाळल्यावरच जोडायचे. एवढं करूनही पुण्यात आल्यावर सेन्सर साफ करून घ्यावा लागला, १,२०० रुपये आणि दोन दिवस. जीप, मुक्काम, रेल्वे, उद्यान आणि हा खर्च धरून माणशी वीस हजारांच्या वर गेले. दोघांनी मिळून जीप केली तर त्यातले चार-पाच हजार वाचतात, फक्त दुसऱ्यालाही झाडांचंच वेड हवं, नाहीतर साडेसहाला तो उंटावर बसायला निघून जातो आणि परत येईपर्यंत त्याच्या पावलांचे ठसे बरोबर तुमच्या चौकटीतून गेलेले असतात. बुटांच्या नाड्यांतले भुरटाचे काटे हाताने काढू नका, बोटांत मोडतात. जुन्या कंगव्याने निघतात.